चार पांढरे कोट

ड्रमकील, आयर्लंड,
ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

प्रिय कोल्मन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून गप्प बसतो, पत्र दारात पडून राहतं, त्याला ओलांडून किती दिवस जाशील? रागावू नकोस, पण शेरिलने मला सगळं सांगितलंय. आईला तू कळवलंस की कपाटाचं दार लागलं आणि भुवईला टाके पडले. आईने ते खरं मानलं, कारण लहानपणापासून तू दारांना आपटतच आलायस. मी मात्र तुझ्या बायकोचा आवाज ऐकला आणि ओळखलं. तुमच्या कॉव्हेंट्रीच्या पार्कातला रविवारचा फुटबॉल सामना, रेफ्री म्हणून तू दिलेली पेनल्टी, तुला घेरून उभे राहिलेले ते सगळे, आणि त्यातल्या एकाचा ठोसा. तेव्हापासून तुझी शिट्टी बंद, रविवारी घराचे पडदे बंद, आणि आता या ख्रिसमसला घरी येणंही बंद. का, तेही मला कळतं. तुला वाटतं, बाबा तुझ्याकडे बघून म्हणतील, "मी सांगत नव्हतो?"

तुझं आणि बाबांचं ते भांडण या घरात जेवणाइतकं नेमाने व्हायचं. टीव्हीवर फुटबॉल विश्वचषकाचा सामना लागलेला असायचा, कुणाला तरी नुसता वारा लागायचा आणि तो गवतावर कोलांट्या घ्यायचा. बाबा खुर्चीतून ओरडायचे, "अरे, पाणी पाजा रे त्याला कुणीतरी, गेला बिचारा!" मग ते रेफ्रीभोवतीचं कडं, ते हातवारे. बाबा म्हणायचे, "याच्या बापाचं काही खाल्लंय का त्या रेफ्रीने?" आणि तू लालबुंद होऊन उभा राहायचास. "आणि तुमच्या त्या काठी-चेंडूच्या हर्लिंगमध्ये? काठीने एकमेकांची बोटं मोडायची आणि मग हात मिळवायचे, तो कुठला सभ्यपणा?" बाबा शांतपणे चहा ढवळत म्हणायचे, "मोडतात रे. पण मोडल्याचं नाटक करत नाहीत." आई दोघांच्याही पुढ्यात बटाटे आपटून म्हणायची, "आता जेवा, नाहीतर दोघांनाही मैदानाबाहेर काढते."

मी तेव्हाही बाबांच्या बाजूची होते, आजही आहे. पण आज तुझ्या खेळाला नावं ठेवायला बसलेले नाही. तू कॉव्हेंट्रीत गेलास तेव्हा तिथे तुला कुत्रं ओळखत नव्हतं. त्या रविवारच्या फुटबॉलनेच तुला मित्र दिले, शेरिल दिली, आणि पाय थकले तेव्हा हातात शिट्टी दिली. ज्या खेळाने माणसाला सांभाळलं त्याला वाईट कसं म्हणू? मला फक्त गेल्या रविवारचं सांगायचंय. तुला खेळाच्या गप्पा आवडतात, आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून मजा नाही.

काउंटीच्या हर्लिंग स्पर्धेचा उपांत्य सामना होता, क्लूनारा आणि टोबरबेग या गावांत, आणि रेफ्री बाबा. हा त्यांचा शेवटचा मोठा सामना. गुडघ्याने आता स्पष्ट राजीनामा दिलाय, डॉक्टरांनी ऑपरेशनला जानेवारीची तारीख दिलीय. सकाळपासून घरात तीच जुनी धांदल. आईने गोलाच्या खांबांपाशी उभं राहणाऱ्या आम्हा चार झेंडेवाल्यांचे पांढरे कोट स्टार्च करून हँगरला लावले, झेंडे गुंडाळले, हॅमची सँडविचेस कागदात बांधली. बॉस्कोकाका नेहमीसारखा अर्धा तास आधी येऊन गाडीच्या पुढच्या सीटवर बसून राहिला, कारण मागे बसलं की त्याला मळमळतं, असं तो तू जन्मायच्या आधीपासून सांगतोय. मागे मी, बाबांचा नेहमीचा झेंडेवाला जार्लथ, आणि चौथा जो हाती लागला तो. या वेळी पोस्टमन. तू गेल्यापासून चौथ्या कोटाला कायमचं माणूस मिळालेलं नाही. कोट मात्र तुझाच आहे. पंधराव्या वर्षी तुला तो मिळाला तेव्हा बाह्यांतून तुझी बोटंसुद्धा दिसत नव्हती, आठवतं? पहिल्याच सामन्यात पांढऱ्या झेंड्याऐवजी हिरवा उचललास, एका गुणाचे तीन केलेस, आणि बाबांना अख्खं मैदान ओलांडून तुझ्यापर्यंत यावं लागलं. सगळे बघत होते. बाबांनी तुझ्या कानात काय सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस.

सामना कसा झाला विचारू नकोस. थंडी होती पण ऊन लख्ख होतं, आणि पोरं अशी खेळली की मी झेंडा उचलायचं विसरले असते. टोबरबेगच्या एकाचं बोट मोडलं. त्याने बोटाकडे बघितलं, पट्टी बांधून घेतली आणि परत गेला. ज्याच्या काठीने मोडलं त्याने जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. तू म्हणशील, झालं हिचं सुरू. पण मी गोलाच्या खांबाला टेकून हे इतकी वर्षं बघतेय आणि मला अजून नवल वाटतं. दूध घालणारी, छप्परं घालणारी, शाळेत शिकवणारी ही पोरं, एक छदाम न घेता जीव तोडून खेळतात आणि शिट्टी वाजली की चेंडू खाली ठेवून मागे सरतात.

शेवटच्या मिनिटाला क्लूनारा एका गुणाने मागे होते. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, आणि तो मारायला त्यांचा कप्तान एन्डा पुढे आला. उंच, लाल केसांचा, बापामागे एकट्याने गोठा सांभाळणारा. जमिनीवरचा चेंडू त्या कोनातून खांबांमधून वर काढायचा म्हणजे काय ते तुला माहीत आहे. त्याने तो असा कापला की चेंडू खांबाच्या टोकापेक्षाही उंच गेला. मी मैदानाच्या या टोकाला होते, तरी मला वाटलं, गेला आत, बरोबरी. पण त्या टोकाला खांबाखाली बॉस्कोकाका होता. त्याने हात आडवे हलवले. बाहेर. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, जार्लथने त्याच्याकडे बघितलं. चेंडू काकाच्या खांबावरून गेला होता, निर्णय त्याचाच. काकाने पुन्हा हात हलवले. गोलरक्षकाने चेंडू लांब टोलवला आणि बाबांनी शिट्टी वाजवली. क्लूनाराचं वर्ष संपलं.

आणि मग, कोल्मन, एन्डा चालत बाबांकडे निघाला. हेल्मेट हातात, चेहरा त्याच्या केसांहून लाल. बाबा जागचे हलले नाहीत. गुडघ्यामुळे हलताही आलं नसतं म्हणा. मी झेंडा टाकून मैदानात धावले, काय करणार होते कोण जाणे. जवळ पोचले तेव्हा एन्डा म्हणत होता, "मॅलकी, आत होता तो."

बाबा म्हणाले, "माझ्या माणसाने बाहेर सांगितलं."

एन्डा बाबांच्या खांद्यावरून काकाकडे बघत राहिला. मग त्याने डोळे पुसले, हो, सगळ्यांसमोर पुसले, आणि म्हणाला, "मग बाहेर." हात पुढे केला. बाबांनी तो धरला. मागून त्याची पोरं एकेक करून आली, कुणी मान खाली घालून, कुणी दात आवळून, पण प्रत्येकाने हात दिला. एक जण म्हणाला, "गुडघ्याला जपा." दुसरा म्हणाला, "आणि काकाच्या डोळ्यांनाही." बाबा म्हणाले, "ते मी बघतो." बस्स, एवढंच.

आता तू म्हणायच्या आत मीच सांगते, आपल्याकडे सगळे संत नाहीत. कठड्यावरून क्लूनाराची एक म्हातारी ओरडत होती, "मॅलकी, तुझ्या झेंडेवाल्याला चष्मा घेऊन दे, नाहीतर आंधळ्यांना वाट दाखवणारा कुत्रा घेऊन दे!" त्यांचा एक प्रशिक्षक तर बाह्या सावरत मैदानात घुसला होता, तोंडातून शिव्यांचा पट्टा सुटलेला. त्याला कुणी अडवलं माहीत आहे? त्याच्याच गोलरक्षकाने, कॉलरला धरून. "चला बाहेर, आमची लाज काढू नका," म्हणाला आणि वासराला न्यावं तसं त्याला घेऊन गेला. आपल्याकडेही तोंडं सुटतात, म्हणून तर उलट बोललं की समोरच्यांचा फ्री फटका आणखी पुढून द्यायचा नियम करावा लागला. पण तोंड सुटलं की आवरणारा हात आपल्याच बाजूचा असतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मला त्या पोरांचा एवढा अभिमान वाटला की ती माझ्या गावची नाहीत हेही विसरले.

नंतर क्लबाच्या खोलीत चहा होता, दोन्ही संघ एकाच टेबलाशी. बॉस्कोकाका आत आला नाही. मी चहाचा कप घेऊन गाडीपाशी गेले तर तो पुढच्या सीटवर कोट अंगात तसाच ठेवून बसला होता. म्हणाला, "डिंपना, ऊन डोळ्यात होतं. चेंडू मला दिसलाच नाही. दिसला नाही म्हणजे बाहेर, असं वाटलं गं." जार्लथच्या पोराने फोनवर सगळं टिपलं होतं, त्यात स्वच्छ दिसत होतं की चेंडू आत होता. काकाला ते दाखवायची गरजच नव्हती. घरी येईपर्यंत तो कोटाचं एकच बटण काढत-लावत बसला. उतरताना कोट काढून, घडी करून सीटवर ठेवला. "मॅलकी, हा दुसऱ्या कुणाला दे. मी परत उभा राहणार नाही." बाबांनी कोट उचलून माझ्याकडे दिला. बळजबरी करून माणूस खांबाखाली उभा राहत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी घरी फोन आला. एन्डाचा. त्याच्या गोठ्यातलं दूध काढायचं यंत्र बिघडलं होतं आणि आपल्या भागात ती यंत्रं दुरुस्त करणारे बाबाच, त्यामुळे जाणं भाग. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "बॉस्कोलाही आणा, जड काम आहे, हात लागेल." काका यायला तयारच नव्हता. बाबा त्याच्या दारात जाऊन म्हणाले, "गायी तुंबल्यात, त्यांनी काय तुझं वाकडं केलंय?" मग आला. मीही गेले, कारण सामन्यानंतर बाबांचा गुडघा इतका सुजला होता की गाडी चालवणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगू, मला बघायचंच होतं.

एन्डा गोठ्यात होता, रबरी बुटांत. बाबांनी हत्यारांची पेटी उघडली, यंत्र चालू केलं. ते मस्त चाललं. बंद केलं, परत चालू केलं, परत चाललं. बाबांनी एन्डाकडे बघितलं. एन्डा गायीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मघाशी बिघडलं होतं. तुम्हाला बघून घाबरलं असेल." यंत्राला काही म्हणता काही झालेलं नव्हतं, कोल्मन. काका दारातच टोपी पिळत उभा होता. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "पोरा, आत होता तो. माझ्यामुळे तुमचं वर्ष गेलं. मी कोट ठेवून दिलाय."

एन्डा म्हणाला, "तुम्ही कोट ठेवलात तर पुढच्या वर्षी मी चेंडू कुणाच्या डोक्यावरून मारू? या वेळी तुम्हाला दिसला नाही, पुढच्या वेळी इतका खाली मारतो की टोपी उडेल." काका हसला नाही. मग एन्डा जवळ आला आणि साध्या आवाजात म्हणाला, "मी रविवारी तीन सोपे चेंडू बाहेर मारले. ते तुम्ही नाही मारलेत. उद्या मला जर वाटायला लागलं की हरलो ते बॉस्कोमुळे, तर मी कधीच सुधारणार नाही. तुम्ही उभे राहा. कुणीच उभं राहिलं नाही तर आम्ही खेळायचं कसं?" त्याच्या आईने आम्हाला आत बसवून सोडा ब्रेड आणि बटर खायला घातलं आणि जाताना काकाच्या हातात अंड्यांचा ट्रे दिला. गाडीत बसल्यावर काका म्हणाला, "डिंपना, तो कोट कुठे टाकलास? स्टार्च जास्त घालू नकोस म्हणावं वहिनीला, मान घासते." मी आरशात बघितलं तर बाबा खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसत होते.

मी शाळेची बस चालवते, मला मोठ्या गोष्टी कळत नाहीत. एन्डा चांगला आणि तुमच्याकडची पोरं वाईट, इतकं सोपं नाही, हे मलाही समजतं. एन्डाला सोमवारी बाबांची गरज लागते, बाबांना एन्डाच्या गोठ्याची, आपली आत्याच क्लूनारात दिलेली. इथे कुणी कुणाला ठोसा मारून कुठे जाणार? तुझ्या त्या पार्कात मात्र सामना संपला की कोण कुठला हे कुणाला माहीत नसतं. ज्याने तुला मारलं त्याला तुझं नावही ठाऊक नसेल. हे आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो, मी तिथे असते तर त्याला माझी बस दाखवली असती.

आता हे पत्र मी खरं कशासाठी लिहितेय ते सांगते. पार्कातली ती चित्रफीत इथेही येऊन पोचली, कुणी पाठवली ते विचारू नकोस. बाबांनी ती बघितली. मी त्यांच्या मागे उभी होते, आता काहीतरी टोमणा येणार म्हणून जीव मुठीत धरून. त्यांनी ती एकदा बघितली, परत एकदा बघितली. तुला घेरलं तिथपर्यंत नव्हे, त्याच्या पुढची. तू कपाळावर रुमाल धरून अख्खं मैदान ओलांडून एकटाच गाडीपर्यंत चालत गेलास, आणि कुणी तुझ्या बाजूला आलं नाही, ती. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्याच्याबरोबर कुणीच नव्हतं गं. त्याची चार माणसं कुठे होती?" तुझ्या खेळाबद्दल एक शब्द नाही, कोल्मन, फक्त हे. मग ते आतल्या खोलीत गेले आणि तुझा पांढरा कोट अंगात घालून बाहेर आले. त्यांच्या लांब हातांना बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या, बटणं लागली नाहीत. आई म्हणाली, "हे काय सोंग?" ते म्हणाले, "खांबाखाली उभं राहायला गुडघा लागत नाही." ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या सुट्टीला, गावचा सामना आहे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे, दर वर्षीसारखा, आणि या वेळी रेफ्री कोण, हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "येतोय एक जण." ते तुला स्वतःहून फोन करणार नाहीत, मूग गिळून बसतील, म्हणून मी लिहिलं. आई त्या कोटाच्या बाह्या उसवून लांब करतेय. बॉस्कोकाका, जार्लथ, मी आणि बाबा, आम्ही चौघं तयार आहोत. तू शिट्टी घेऊन ये. चुकलास तरी चालेल, परत गाडीपर्यंत आम्ही तुझ्याबरोबर चालत येऊ.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
डिंपना